थोड्या चिप्सचं मोल



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर पत्त्यांच्या खेळाविषयी बोलणं काहींना खटकेल, याची मला कल्पना आहे. तरीही विषय मी विचारपूर्वक निवडला आहे. पोकरच्या मोठ्या स्पर्धेत अखेरचं टेबल लागलं आहे, समोर कोट्यवधींची बक्षिसं आहेत आणि एका खेळाडूपुढे इतरांपेक्षा फार थोड्या चिप्स उरल्या आहेत. त्याने काय करावं? माझ्या मते या एका प्रश्नात संभाव्यतेचं निम्मं शास्त्र सामावलेलं आहे. आपल्याकडे द्यूत म्हटलं की युधिष्ठिर आठवतो. मला नल आणि ऋतुपर्ण आठवतात. झाडाची पानं आणि फळं मोजून दाखवणारा ऋतुपर्ण नलाला अक्षविद्या देतो आणि त्याच्याकडून अश्वविद्या घेतो. फाशांच्या खेळात मोजण्याजोगं काही असतं, हे त्या कथाकाराला ठाऊक होतं.

एका खऱ्या टेबलापासून सुरुवात करतो. १० नोव्हेंबर २०१४. लास वेगासच्या रिओ हॉटेलातल्या नाट्यगृहात नऊ जण बसले होते. ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’च्या मुख्य स्पर्धेत त्या वर्षी ६,६८३ जणांनी प्रत्येकी दहा हजार डॉलर भरले होते. प्रत्येकाला तीस हजार चिप्स मिळाल्या होत्या. जुलैमध्ये नऊ जण उरले आणि अखेरच्या टेबलासाठी नोव्हेंबर उजाडला. त्या सुमारे वीस कोटी चिप्सपैकी सर्वांत मोठा ढीग, ३ कोटी ८३ लाख ७५ हजार, नेदरलँड्सच्या योरिट फान होफपुढे होता. तिसऱ्या क्रमांकावर अमेरिकेचा मार्क न्यूहाउस होता, २ कोटी ६० लाखांवर. आठव्या क्रमांकावर स्वीडनचा मार्टिन जेकबसन होता, १ कोटी ४९ लाखांवर. त्याच्याहून कमी चिप्स फक्त ब्राझीलच्या ब्रुनो पोलितानोकडे होत्या, १ कोटी २१ लाख २५ हजार.

न्यूहाउस आदल्या वर्षीही याच टेबलावर होता आणि नववा, म्हणजे सर्वांत आधी, बाहेर पडला होता. २०१४ मध्येही तोच सर्वांत आधी बाहेर पडला. त्याच्या हातात दश्शीची जोडी होती, समोर विल्यम टॉन्किंगकडे राणीची. जेकबसन मात्र खेळत राहिला आणि दुसऱ्या दिवशी, ११ नोव्हेंबरला, स्पर्धा जिंकला. शेवटच्या डावात त्याच्याही हातात दश्शीचीच जोडी होती. एका जोडीने एक जण घरी गेला आणि त्याच जोडीने दुसऱ्याला एक कोटी डॉलर मिळाले, अशी बातमी रंगवता येते. मला त्यातल्या नशिबापेक्षा मधल्या दोन दिवसांच्या हिशेबात जास्त रस आहे.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी दोन शब्द. प्रत्येकाला दोन पत्ते झाकलेले मिळतात, पाच पत्ते मधोमध उघडे पडतात आणि सातांतून उत्तम पाच पत्त्यांचा हात धरायचा असतो. प्रत्येक डावात दोघांना सक्तीने काही चिप्स लावाव्या लागतात, त्यांना ब्लाइंड म्हणतात; त्यांतला मोठा तो बिग ब्लाइंड. शिवाय अँटी नावाची छोटी वर्गणी असते. हे आकडे ठरावीक वेळाने वाढत जातात, म्हणून कुणी कायम हातावर हात ठेवून बसू शकत नाही. हातातल्या सगळ्या चिप्स एकदम लावल्या की ऑल-इन. पत्ते टाकून दिले की फोल्ड. तेवढ्याच चिप्स लावून आव्हान स्वीकारलं की कॉल. एवढ्यावर आपलं काम भागेल.

‘शॉर्ट स्टॅक’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो आणि त्यांची गल्लत फार होते. एक अर्थ ब्लाइंडच्या मापाने: मी किती फेऱ्या तग धरू शकतो? पॉल मॅग्रिएल हा गणिताचा प्राध्यापक आणि बॅकगॅमनचा मोठा खेळाडू. हातातल्या चिप्सना एका फेरीच्या खर्चाने भागायचं, हे माप त्याच्या आडनावाच्या आद्याक्षरावरून ‘एम’ म्हणून ओळखलं जातं. याच मुख्य स्पर्धेचा १९९५ चा विजेता डॅन हॅरिंग्टन याने आपल्या पुस्तकांत ते रूढ केलं. ‘एम’ वीसच्या वर असेल तर मोकळेपणाने खेळता येतं. सहाच्या खाली आला की तुमच्याकडे एकच चाल उरते: सगळं लावा किंवा पत्ते टाका. दुसरा अर्थ टेबलाच्या मापाने: इतरांच्या तुलनेत मी कुठे आहे? जेकबसन आठवा होता, पण त्याच्याकडे सुमारे ३७ बिग ब्लाइंड होते आणि त्याचा ‘एम’ चौदाच्या आसपास येत होता. तो टेबलाच्या मापाने मागे होता, ब्लाइंडच्या मापाने नव्हता. या दोन स्थितींत करायच्या गोष्टी वेगळ्या असतात. मागे असल्याची लाज वाटून घाईने सगळं लावणं हा चांगल्या खेळाडूंकडूनही होणारा दोष आहे.

आता बक्षिसांकडे वळू. त्या वर्षी नवव्याला ७ लाख ३० हजार ७२५ डॉलर होते, आठव्याला ९ लाख ४७ हजार १७२. तिसऱ्याला ३८ लाख ७ हजार ७५३, दुसऱ्याला ५१ लाख ४७ हजार ९११ आणि पहिल्याला हमी दिलेले पूर्ण एक कोटी. नवव्यावरून आठव्यावर चढण्याची किंमत सव्वादोन लाखांच्या आत आहे, दुसऱ्यावरून पहिल्यावर जाण्याची जवळजवळ साडेअठ्ठेचाळीस लाख. नुसतं बसून राहायचं, दुसरे पडतील तसं एक-एक पायरी वर जायचं, ही वृत्ती अशा उतरंडीत फार महाग पडते. बक्षिसं जवळजवळ सारखी असती तर तीच वृत्ती शहाणपणाची ठरली असती. म्हणून कमी चिप्सवाल्याने सावध खेळावं की धाडसी, या प्रश्नाला बक्षिसांचा तक्ता पाहिल्याशिवाय उत्तर नसतं. तो तक्ता न पाहता दिलेला सल्ला ऐकू नये.

याला इतिहासही आहे. ही स्पर्धा १९७० मध्ये बेनी बिनियनच्या हॉर्सशू कॅसिनोत सुरू झाली. सुरुवातीची काही वर्षं बक्षिसाची सगळी रक्कम विजेत्याला जायची. तेव्हा चिप आणि पैसा यांचं नातं सरळ होतं: वीस टक्के चिप्स म्हणजे बक्षिसाच्या वीस टक्के अपेक्षा. १९७८ मध्ये पहिल्यांदा बक्षीस पाच जणांत वाटलं गेलं आणि त्या दिवसापासून हे नातं वाकडं झालं. ज्याच्याकडे कमी आहे त्याच्या एका चिपचं मोल वाढलं, ज्याच्याकडे खूप आहे त्याच्या एका चिपचं घटलं. भरल्या कणगीतली पायली आणि रिकाम्या डब्यातली पायली मापाने सारखीच, पण घराला सारखी नसते. इथेही तसंच. कारण साधं आहे. टेबलावरच्या सगळ्या चिप्स जिंकल्या तरी सगळी बक्षिसं मिळत नाहीत, फक्त पहिलं मिळतं. आणि शेवटची चिप गेली की वरच्या सगळ्या बक्षिसांची शक्यता तिच्याबरोबर जाते.

हे मोजायचं कसं? इथे मला १६५४ कडे जावं लागतं. दोघे खेळतायत, जो आधी तीन डाव जिंकेल त्याला सगळी रक्कम. प्रत्येकाने ३२ पिस्तूल, म्हणजे त्या काळची सोन्याची नाणी, लावली आहेत. एकाचे दोन डाव झाले, दुसऱ्याचा एक, आणि खेळ थांबवावा लागला. चौसष्ट नाणी कशी वाटायची? इटालियन गणिती लुका पाचोलीने १४९४ मध्ये छापलेल्या ग्रंथात असा प्रश्न सोडवताना जिंकलेल्या डावांच्या प्रमाणात वाटणी केली होती. आपल्या उदाहरणात ती दोनास एक होईल. फ्रेंच गणिती पास्कलने १६५४ मध्ये फर्माला लिहिलेल्या पत्रात वेगळा विचार मांडला: झालेलं मोजू नका, पुढे काय होऊ शकतं ते मोजा. पुढचा डाव पहिल्याने जिंकला तर त्याला ६४. हरला तर दोघे बरोबरीत, म्हणजे त्याला ३२. या दोन्ही शक्यता सारख्या, म्हणून त्याचा वाटा ४८ आणि दुसऱ्याचा १६. संभाव्यतेच्या शास्त्राचा पाया या पत्रव्यवहारात घातला गेला.

आजही अखेरच्या टेबलावर खेळाडू वाटणीला बसतात तेव्हा कुणीतरी ‘चिप्सच्या प्रमाणात वाटून टाकू’ म्हणतं. ती पाचोलीची चूक आहे, सव्वापाचशे वर्षांनंतर. पास्कलच्या वाटेने जाणारी रीत पोकरमध्ये १९८७ साली मेसन मॅल्मुथच्या पुस्तकातून आली. तिला आयसीएम म्हणतात. तिचं गणित त्याआधी डेव्हिड हार्विल याने १९७३ मध्ये घोड्यांच्या शर्यतीसाठी मांडलं होतं. तुमच्याकडे टेबलावरच्या जितके टक्के चिप्स, तितके टक्के शक्यता पहिलं येण्याची. पहिला क्रमांक दुसऱ्याच कुणाचा आला असं धरून त्याला बाजूला काढा आणि उरलेल्यांत पुन्हा त्याच प्रमाणात दुसऱ्याची शक्यता काढा. मग तिसऱ्याची. प्रत्येक क्रमांकाच्या शक्यतेला त्याच्या बक्षिसाने गुणा आणि बेरीज करा.

२०१४ च्या टेबलावर हे करून पाहू. पहिल्या दिवसाच्या शेवटी तिघे उरले. फान होफ ८ कोटी ९६ लाख २५ हजारांवर, जेकबसन ६ कोटी ४७ लाख ५० हजारांवर आणि नॉर्वेचा फेलिक्स स्टेफेन्सन ४ कोटी ६१ लाखांवर. तिघांची बक्षिसं मिळून सुमारे १ कोटी ८९ लाख ५६ हजार डॉलर. नुसत्या चिप्सच्या प्रमाणात वाटलं तर फान होफला ८४ लाख ७४ हजार आणि स्टेफेन्सनला ४३ लाख ५९ हजार येतात. आयसीएमने मी हिशेब केला तेव्हा फान होफचं मोल ७० लाख ४१ हजार आलं, जेकबसनचं ६२ लाख ८७ हजार, स्टेफेन्सनचं ५६ लाख २८ हजार. पहिल्याकडे तिसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट चिप्स, पण पैशात फरक फक्त चौदा लाखांचा. कमी चिप्सवाला आपल्याला दिसतो तितका गरीब नसतो, आणि सर्वांत जास्त चिप्सवाला, म्हणजे चिप लीडर, दिसतो तितका श्रीमंत नसतो.

आता यातून निर्णय कसे बदलतात ते पाहा. ब्लाइंडमधल्या चिप्स क्षणभर बाजूला ठेवू. फान होफने सगळं लावलं आणि स्टेफेन्सनने कॉल केला असं समजा. हरला तर तिसरा, ३८ लाख ७ हजार घेऊन बाहेर. जिंकला तर त्याच्याकडे ९ कोटी २२ लाख चिप्स आणि त्यांचं मोल सुमारे ७१ लाख २१ हजार. म्हणजे गमावायचे अठरा लाख वीस हजार, मिळवायचे चौदा लाख त्र्याण्णव हजार. चिप्स दुप्पट होतात, पैसा दुप्पट होत नाही. त्याला कॉल परवडायचा असेल तर जिंकण्याची शक्यता ५५ टक्के हवी. हाच प्रश्न मधल्या जेकबसनपुढे आला असता तर त्याला जवळजवळ ५७ टक्के लागले असते. आणि उलट, स्टेफेन्सनने सगळं लावलं आणि फान होफला कॉल करायचा असेल तर त्याला ५२ टक्के पुरले असते.

बावन्न, पंचावन्न, सत्तावन्न. हे तीन आकडे मला फार महत्त्वाचे वाटतात. बक्षिसाचं सर्वांत जड ओझं सर्वांत कमी चिप्सवाल्यावर नाही, मधल्यावर आहे. त्याच्याखाली कुणीतरी आहे, त्याच्या आधी पडू शकणारं. म्हणून त्याच्याकडे गमावण्यासारखं सर्वांत जास्त आहे. चिप लीडर हे जाणतो आणि मधल्यांना रेटत राहतो. मधले पत्ते टाकत जातात. सर्वांत खालच्याला या रेट्यातून थोडी सूट असते, कारण त्याच्या जागेची किंमत आधीच उतरलेली असते. नऊ जणांचं टेबल असेल तर मधल्यांचं ओझं आणखी वाढतं. तिसऱ्या क्रमांकावरून न्यूहाउस सर्वांत आधी बाहेर पडला, यामागे हेच ओझं होतं असा दावा मी करणार नाही. तो त्याचा डाव होता आणि त्याची कारणं त्याला माहीत. पण तिसऱ्या क्रमांकाच्या चिप्स घेऊन मोठा डाव अंगावर घेणं हे आठव्या क्रमांकावरून घेण्यापेक्षा महाग असतं, एवढं गणित सांगतं.

यावरून एक दुसरी गोष्ट निघते आणि कमी चिप्सवाल्याच्या डावपेचांचा तोच कणा आहे. कॉल करणाऱ्याला चांगला हात लागतो, पण आधी सगळं लावणाऱ्याला तितका चांगला हात लागत नाही. कारण लावणारा दोन रीतींनी जिंकतो: सगळ्यांनी पत्ते टाकले तर लगेच, आणि कुणी कॉल केला तर पत्त्यांनी. कॉल करणाऱ्याला पहिली वाट बंद असते. पोकरवर लिहिणारा डेव्हिड स्क्लान्स्की याने या अंतरावर लिहिलं आहे. बक्षिसाचा दबाव आला की हे अंतर रुंदावतं. म्हणून ज्याच्याकडे थोडं आहे त्याने शक्य असेल तिथे प्रश्न विचारणारा व्हावं, उत्तर देणारा होऊ नये.

पण ही ताकद टिकत नाही, आणि इथेच बहुतेकांचा घात होतो. ब्लाइंड आणि अँटी मिळून मधोमध अडीच बिग ब्लाइंड पडले आहेत असं धरा. तुमच्याकडे दहा आहेत आणि तुम्ही सगळे लावले. बिग ब्लाइंडमध्ये बसलेल्याला आणखी नऊ घालून साडेएकवीसच्या ढिगासाठी लढायचं आहे. त्याला किमान ४२ टक्के शक्यता हवी. पुष्कळ पत्ते तो टाकून देईल. तुम्ही वाट पाहत पाचवर आलात तर त्याला फक्त चार घालायचे आहेत आणि ३५ टक्के पुरतात. तीनवर आलात तर दोन घालून साडेसातचा ढीग, २७ टक्के पुरे. आता हे पाहा: एक्का-बादशहासमोर दुर्री-सत्ती, म्हणजे या खेळातला सर्वांत टाकाऊ हात, सुमारे एक-तृतीयांश वेळा जिंकतो. म्हणजे तीन ब्लाइंडवर तुम्ही एक्का-बादशहा दाखवून जरी सगळं लावलंत, तरी चिप्सच्या हिशेबाने समोरच्याने जवळजवळ कोणतेही दोन पत्ते घेऊन कॉल करणं बरोबर ठरतं. तुमच्या धमकीला आता किंमत उरलेली नाही. मोठा ढीग असलेल्याला तर बक्षिसाची काळजीही फारशी आड येत नाही, कारण हरला तरी त्याचं थोडंच जातं.

म्हणून कमी चिप्सवाल्याचं खरं नुकसान चिप्स कमी होण्यात नाही, दुसऱ्याला पत्ते टाकायला लावण्याची ताकद जाण्यात आहे. ती ताकद साधारण दहा-बारा ब्लाइंडपर्यंत चांगली असते आणि मग झपाट्याने विरते. उत्तम पत्त्यांची वाट पाहणाऱ्याने मोजून ठेवावं की एक्क्यांची जोडी २२१ डावांत एकदा येते आणि कोणतीही जोडी १७ डावांत एकदा. नऊ जणांच्या टेबलावर एक फेरी म्हणजे नऊ डाव, आणि प्रत्येक फेरीला अडीच ब्लाइंड जातात. चार फेऱ्यांत दहा संपले. मधल्या काळात ज्याने एक्का-पंजी, बादशहा-दश्शी, लहान जोडी असे हात योग्य जागेवरून, मधल्या चिप्सवाल्यांच्या अंगावर लावले नाहीत, त्याच्यापुढे शेवटी निवड उरत नाही. आपल्या डावीकडे कोण बसलंय, त्यांतलं कोण कॉल करायला कचरतंय, चिप लीडरने अजून पत्ते टाकलेत की नाही, हे या वेळी स्वतःच्या पत्त्यांइतकंच महत्त्वाचं असतं.

मग वाट पाहणं केव्हा बरोबर? तुमच्याहून कमी चिप्सवाला पुढच्या दोन-तीन डावांत ब्लाइंडमध्ये येणार असेल आणि पुढच्या पायरीची उडी मोठी असेल, तेव्हा. याचं टोकाचं रूप सॅटेलाइट स्पर्धेत दिसतं. तिथे बक्षीस म्हणून मोठ्या स्पर्धेच्या सारख्याच जागा मिळतात. २००३ चा विजेता ख्रिस मनीमेकर याच वाटेने, घरबसल्या खेळलेल्या सॅटेलाइटमधून, आला होता. दहा जागा आहेत, अकरा जण उरलेत आणि तुमच्याकडे भरपूर चिप्स आहेत, तर हातात एक्क्यांची जोडी असली तरी मोठ्या ढिगाच्या ऑल-इनला पत्ते टाकून देणं बरोबर असू शकतं. जागा तुमची जवळजवळ झालेलीच आहे आणि दुप्पट चिप्सनी दुसरी जागा मिळत नाही. विद्यार्थ्यांना हे पटवून देणं कठीण जातं. पटलं की अपेक्षित मूल्य म्हणजे काय, हे त्यांना कायमचं कळतं.

वाटणीचं एक उदाहरण द्यायलाच हवं. २०१९ मध्ये लंडनला ट्रायटन मिलियन ही स्पर्धा झाली. प्रवेश १० लाख ५० हजार पौंडांचा, खेळाडू ५४, प्रवेशाच्या रकमेतला एक हिस्सा धर्मादाय कामासाठी. शेवटी ब्रिन केनी आणि ॲरन झँग उरले. पहिलं बक्षीस १ कोटी ९० लाख पौंडांचं होतं, दुसरं १ कोटी १६ लाख ७० हजारांचं. केनीकडे चिप्स जास्त होत्या. दोघांनी त्या वेळच्या चिप्सवरून वाटणी केली. पुढे झँग जिंकला, विजेता म्हणून त्याचं नाव लागलं, पण त्याला १ कोटी ३७ लाख ७९ हजार ४९१ पौंड मिळाले आणि उपविजेत्या केनीला १ कोटी ६८ लाख ९० हजार ५०९. वाचणाऱ्याला हे विचित्र वाटतं. पास्कलला ते मुळीच विचित्र वाटलं नसतं.

आयसीएमच्या मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर मी अर्धवट बोललो असं होईल. पुढच्या डावात ब्लाइंड कुणावर येणार, हे त्याला कळत नाही. कोण जास्त कुशल आहे, हे कळत नाही. चिप लीडर आपल्या ढिगाच्या जोरावर पुढे तासभर इतरांना रेटून किती मिळवेल, हेही त्यात धरलेलं नाही. घोड्यांच्या बाबतीतही हार्विलच्या रीतीत आवडत्या घोड्याला दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाची शक्यता जास्तच मिळते, हे अभ्यासकांनी दाखवलं आहे. आज संगणक यापेक्षा खोलवर हिशेब करतात. तरी कागद-पेन्सिलीने करता येणारा इतका प्रामाणिक हिशेब दुसरा नाही.

आणखी एक गोष्ट गणिताबाहेरची नाही, पण सारणीबाहेरची आहे. दोघांना एकच बक्षीस सारखं वाटत नाही. डॅनियल बर्नुलीने १७३८ मध्ये हे मांडलं: पैशाचं मोल ज्याच्या हाती तो पडतो त्याच्या संपत्तीवर ठरतं. २०१२ मध्ये दहा लाख डॉलर प्रवेशाच्या ‘बिग वन फॉर वन ड्रॉप’ स्पर्धेत ४८ जण बसले होते आणि बक्षिसं फक्त नऊ होती. अँटोनियो एस्फंदियारीने पहिल्या क्रमांकाचे १ कोटी ८३ लाख ४६ हजार ६७३ डॉलर जिंकले. त्या टेबलावर उद्योगपतीही होते आणि व्यावसायिक खेळाडूही. इतक्या मोठ्या स्पर्धांत व्यावसायिक खेळाडू आपल्या बक्षिसातले हिस्से आधीच विकतात. ज्याचा स्वतःचा वाटा लहान आहे त्याच्या छातीवरचा भार वेगळा आणि ज्याने घर गहाण ठेवलं त्याचा वेगळा. घर गहाण ठेवून कुणी खेळू नये. ज्या रकमेने रात्रीची झोप जाते त्या रकमेवर बरोबर निर्णय घेता येत नाहीत. माणूस पत्ते पाहायचं सोडून हप्ता पाहायला लागतो.

१९८२ च्या जॅक स्ट्रॉसची गोष्ट मी मुद्दाम शेवटाकडे ठेवली. सगळ्या चिप्स गेल्या असं वाटलं, मग एक चिप उरलेली सापडली आणि तिथून तो मुख्य स्पर्धा जिंकला, ५ लाख २० हजार डॉलर घेऊन. ‘एक चिप आणि एक खुर्ची’ ही म्हण त्यावरून सांगतात. ही गोष्ट मला आवडते आणि तिची भीतीही वाटते. ज्यांच्याकडे एक चिप उरली आणि पुढच्या डावात तीही गेली, त्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही. आशेला आकडा जोडता आला नाही की ती कर्ज काढायला लावते. कमी चिप्सवाल्याने हार मानू नये, हे खरं. पण का मानू नये याचं उत्तर स्टेफेन्सनच्या ५६ लाख २८ हजारांसारख्या आकड्यात आहे, स्ट्रॉसच्या खुर्चीत नाही.

आपल्या देशाचं थोडक्यात सांगतो. गोव्यात मांडवीवरच्या जहाजांत कॅसिनोला परवानगी आहे आणि तिथे पोकर खेळलं जातं. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि त्यात कौशल्याचा खेळ व नशिबाचा खेळ असा भेद ठेवला नाही. दुसरीकडे २०२४ मध्ये संतोष सुवर्णा या भारतीय खेळाडूने लास वेगासला अडीच लाख डॉलर प्रवेशाची स्पर्धा जिंकून ५४ लाख १५ हजार १५२ डॉलर मिळवले. पैसे लावून खेळायला मी कुणालाही सांगत नाही. मोबाइलवरच्या खेळांत पगार आणि दागिने गेलेली घरं आपल्या अवतीभवती आहेत आणि त्यांचं दुःख खरं आहे. त्या घरांतल्या किती जणांना आपल्या बाजूने किती टक्के आहेत, हे कधी कुणी शिकवलं होतं?

म्हणून इथे बसलेल्या गणिताच्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. अकरावी-बारावीला संभाव्यता शिकवताना फासे आणि पिशवीतले रंगीत चेंडू जरूर घ्या, पण एक तास २०१४ च्या त्या तिघांच्या टेबलाला द्या. तिघांच्या चिप्स आणि तीन बक्षिसं मी आज सांगितली आहेत, छापील व्याख्यानात ती तुम्हाला मिळतील. मुलांना कागदावर तिघांचं मोल काढायला सांगा. मग मधल्याने किती टक्क्यांवर कॉल करावा ते काढायला सांगा. पैसे लागत नाहीत, पत्तेही लागत नाहीत, आणि एका तासात होतं.